गेटजवळचा अडथळा

— नाही गं, केराचा डबा असा गॅलरीत ठेवलास ना, तर उद्या सकाळी डबा तुझ्या दारात असेल आणि केर अख्ख्या मजल्यावर. मांजरं. तीन आहेत, तिन्ही निर्लज्ज. ये, आत ये, उंबऱ्यावर काय उभी राहतेस — बस. तिथे नको! त्या चादरीखालच्यावर नको बसूस. काही नाही, जुनं सामान आहे. इथे बस, पलंगावर. आकांक्षा ना तू? खालच्या अप्पांनी सांगितलं. मालन मला काय सांगणार, ती तर गेली लेकीकडे नालासोपाऱ्याला, कुलूप लावलं आणि गेली, आता तुला भाड्याने दिली खोली. अठ्ठावीस वर्षं ती भिंतीच्या पलीकडे, मी अलीकडे. तिची फोडणी जळली की खोकला मला यायचा. रविवारी येणार आहे ना ती? पोलिसांच्या त्या भाडेकरूच्या फॉर्मवर सही करायला? बरं. एक काम होतं तुझ्याकडे, पण ते नंतर. आधी नियम. या घोडपदेवात राहायचं तर नियम पाहिजेत, नाहीतर चार दिवसांत नोटीस आणि आठ दिवसांत भांडण.

तर केर. ओला वेगळा, सुका वेगळा — ते तुम्हा शिकलेल्यांना माहीत असतं म्हणे, पण आमच्याकडे बँकेत नोकरी करणारा माणूस भिजलेला चहाचा चोथा वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्यात टाकतो, मी त्याच्या दारात परत नेऊन ठेवलाय. दोनदा. गाडी येते आठला. आठ म्हणजे आठ नाही, पावणेआठ पण नाही, ती येते तेव्हा येते, तू आठला तयार राहायचं. पाणी पहाटे, तासभर, तेवढ्यात काय भरायचं ते भर. पिंप झाकायचं — नुसतं झाकण नाही, वर फडकं बांधायचं. आणि आठवड्यातून एकदा कोरडं करून उन्हात उलटं घालायचं, कारण तो मलेरियावाला येतो, शिडी घेऊन येतो, बॅटरी मारून बघतो, आळी दिसली की नोटीस हातात. कुंडीखालच्या बशीत पण बघतो. मागे आला तर मला म्हणतो, मावशी, तुमच्या कुंडीत पाणी आहे. म्हटलं, कुंडीत पाणी नाही घालायचं तर काय दूध घालू? हसला. पण बशी मी काढून टाकली हो, नियम तो नियम.

झाडाचं लक्षात ठेव. फांदी तुझ्या खिडकीत आली तरी तोडायची नाही. अप्पांनी तोडली. आंब्याची, मनगटाएवढी. आंबा आपला, वाडी आपली, कोयता आपला, मग परवानगी कसली म्हणाले — आली ना नोटीस. चार खेपा घातल्या भायखळ्याला वॉर्ड ऑफिसात, छातीत कळ आल्यासारखं तोंड करून. मग त्या साहेबाला दया आली. फांदीसाठी अर्ज करायचा, ते येतात, ते तोडतात, आणि फांदी उचलून नेण्यासाठी दुसऱ्यांदा फोन करायचा. हां, ते वेगळं खातं. घरात लादी बदललीस तर ते डबर गल्लीत टाकायचं नाही, त्याला पण फोन. उंदीर मेला, फोन. गटार तुंबलं, फोन. दिवा गेला, फोन — पण तो पालिकेला नाही, विजेवाल्यांना, खांबावर नंबर लिहिलेला असतो, तो सांगायचा.

हे सगळं कोण करतं या चाळीत? मी करते. चौथी शिकले मी, पण चाळीतला एकेक गडी माझ्या दारात येतो — कमळाबाई, फोन लावा ना. का, तुम्हाला बोटं नाहीत? पण लावते. माझं ऐकतात तिकडे. आवाज ओळखतात. एक मुलगी असते फोनवर, ती म्हणते, बोला मावशी, आज काय तुंबलं? तक्रार घेतात, मोबाईल नंबर मागतात, मग त्यावर मेसेज येतो — तक्रार नोंदवली, मग तक्रार निकाली काढली. आता मेसेज येतो इंग्रजीत, आणि माझा फोन हा असा बटणांचा, त्यात अक्षरं मुंगीएवढी. म्हणून मी नेहमी मालनचा नंबर द्यायची. ती मॅट्रिक आहे. तिच्या मोबाईलवर टुणकन वाजलं की ती भिंतीवर थाप मारायची — कमळे, तुझं गटार निघालं गं! वर्षानुवर्षं. माझ्या नंबरापेक्षा तिचा नंबर मला पाठ. आणि जाताना बाई मला काय म्हणाली माहीत आहे? अठ्ठावीस वर्षांनी जाताना माणूस काय म्हणेल, काळजी घे, ये कधीतरी — तर ही रिक्षात बसता बसता म्हणते, यापुढे तक्रारीला नंबर स्वतःचा देत जा, कमळे. बस. एवढंच. मला राग आला. म्हटलं, बाई, एवढा जड झाला का माझा मेसेज? लांब चाललीस तर काय, मोबाईल काय घोडपदेवापुरता चालतो? मी काही बोलले नाही तोंडावर. मी! अप्पांना विचार, मी गप्प बसले यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

चहा घेतेस? घे. कोकम सरबत देऊ? तिच्याच हातचं आगळ आहे. ती गेली त्या सकाळी माझ्या दारात बरणी ठेवलेली, चिठ्ठी नाही, काही नाही. पुरवून पुरवून वापरते.

आता काम सांगते. ऊठ, ती चादर ओढ. ओढ गं, साप नाही खाली. टेबल आहे. बघ कसलं आहे — सागवान. जयवंतभाऊंनी, म्हणजे मालनच्या नवऱ्याने, स्वतः बनवलं. गिरणीत सुताराचं काम करायचे. हा पाय बघ, एक पाय आखूड होता म्हणून खाली चकती ठोकलीय. भाऊ गेले आणि मालनने हे टेबल चाळीच्या गेटजवळ मांडलं — कोकम, कुळीथ पीठ, तिरफळं, गावावरून यायचं ते सगळं. सकाळी नऊ ते दुपारी एक. माल विकायचा कमी, गप्पा जास्त. मी तिथेच भाजी निवडायची. तर मला हे टेबल तुझ्या खोलीत ठेवायचंय. म्हणजे तिच्याच खोलीत. खिडकीखाली. रविवारी ती आली की दिसेल. तू म्हणायचं, इथेच होतं, मला माहीत नाही. तेवढंच. एवढं खोटं चालतं, पोलिसांच्या फॉर्मात लिहायचं नाहीये ते.

का म्हणजे? माझ्याकडे कसं ते ना? तू पण अप्पांसारखी, एका जागी बोट ठेवलं की काढत नाहीस.

अगं, ती चायनीजची गाडी बघितलीस ना गेटवर? संध्याकाळी सहाला लागते. त्याचं तेल सगळं पायरीवर. मी घसरले, हे मनगट बघ अजून वाकडं दिसतंय. दोनदा सांगितलं त्याला, तिसऱ्यांदा मी सांगत नसते, फोन लावते. लावला. पण म्हटलं पोरगा दांडगा आहे, त्याची माणसं आहेत, उद्या आपल्यालाच — म्हणून पहिल्यांदा आयुष्यात भित्र्यासारखं बोलले. त्या मुलीला म्हटलं, माझं नाव गुप्त ठेव. आणि चायनीज म्हटलंच नाही. म्हटलं, गेटजवळचा अडथळा हटवा. एवढंच. हुशारी केली ना. झालं, तिसऱ्या दिवशी पालिकेची गाडी आली. किती वाजता? सकाळी अकराला. अकराला चायनीजवाला अंथरुणात. गेटजवळ अडथळा काय? त्यांना दिसलं ते त्यांनी उचललं. त्यांची काय चूक, बरोबर लिहिलं तसं केलं त्यांनी. मी वरून बघितलं. गॅलरीतून. कुळथाची पिशवी फुटली, आणि मालन ट्रकमागे दोन पावलं गेली आणि थांबली. ओरडली नाही. मी असते तर ट्रकसमोर आडवी पडले असते. मी — मी वरच उभी राहिले.

खाली गेले ना नंतर. म्हटलं, चल, सोडवून आणू. नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, चल. नको. मी म्हटलं, कोणी केली असेल गं तक्रार? — हो, असं म्हणाले मी, तोंडावर. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, असेल कोणीतरी, ज्याला त्रास झाला असेल. मग मी एकटी गेले पालिकेच्या गोदामात. मालक कोण विचारलं, म्हटलं मीच, मालन. दंड भरला, टेम्पोत घालून आणलं, रात्री चौघांकडून वर चढवलं, चादर टाकली. आठ महिने झाले. द्यायचं कसं? दिलं असतं तर विचारलं असतं, तू का गेलीस, तुला काय एवढा कळवळा? आणि मला खोटं बोलता येत नाही, माझ्या तोंडावर लगेच दिसतं. मग ती मेसेज वाचून दाखवेनाशी झाली, विचारलं की म्हणायची, आला की सांगते. भिंतीवर थाप बंद. मग लेकीकडे जाते म्हणाली. धंदा नाही तर इथे एकटी काय करू, म्हणाली. मी थांब म्हणाले नाही. तिला कळलेलं नाही ते एक बरं आहे. कळलं असतं तर बरणी ठेवली असती का? नाव मी दिलंच नव्हतं. गुप्त ठेवा म्हटलं होतं, स्पष्ट.

काय? नंबर? कुठला नंबर — तक्रारीला? दिला की, त्याशिवाय ते नोंदवतच नाहीत. नेहमीचाच दिला, मी काय विचार करून देते का, तोंडात बसलाय — अठ्ठ्याण्णव एकोणसत्तर —

थांब.

थांब जरा.

म्हणजे तो ट्रक वळला आणि तिच्या हातात टुणकन —

आणि मी तिला विचारलं, कोणी केली असेल गं.

नाही, सरबत पी तू. संपव ते. टाकायचं नाही.

टेबलाला हात नको लावूस. राहू दे तिथेच. तुला नाही उचलवायचं, आणि तुझ्या खोलीत नकोच ते. रविवारी किती वाजता येते म्हणालीस? अकराला. बरं. तिला सांग — नाही, काही सांगू नकोस. भिंतीवर थाप मार फक्त, ती आली की.

जा आता. दार लोटून घे. आणि तो डबा आधी आत घे, मांजरं बसलीत बघ टपून.