शेजाऱ्याचा काढा

किती येळा सांगायला लावता राव? शेजारच्या बबन्याला आन मला आजार एकच, संधिवात फुफ्फुसात उतरलेला. डॉक्टर तोच, गोळ्या त्याच. पण तो टेकडी चढायचा आन मी टपरीपर्यंत धापा टाकायचो. लई जळायचो मी.

एकदा विचारलं तर म्हणला, "गोळ्यांबरोबर वैद्याचा काढा घेतो."

मीबी घरात न सांगता सुरू केला, त्याच्या दुप्पट. महिन्यात डोळे पिवळे.

डॉक्टर तापले. "आजोबा, त्या गोळ्यांवर काढा? लिव्हर सुजलंय! शेजाऱ्याचा काढा तर मी आठवड्यात बंद केला होता."

बबन्याला गाठून विचारलं, "मग मला का न्हाई सांगितलंस?"

"आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं, भावा."

माफी अजून न्हाई दिली त्याला. ह्यो बघा जिना चढून आला, दमबी न्हाई लागला. बबन्या!