शंका कुठे चिकटवायची?

नाही पण मला सांगा, टेबलाला चिठ्ठी चिकटवता येते, खुर्चीला येते, फ्रिजला येते, अहो मांजराला सुद्धा येते, दोनच मिनिटं टिकते पण येते... शंका कुठे चिकटवायची? बोला ना! चांगले शिकलेसवरलेले दिसताय! शंका, मत्सर, काळजी, ह्या काय वस्तू आहेत घरातल्या? पण आमच्या उग्नेबाई ऐकतील तर शपथ. उग्नेबाई म्हणजे आमच्या कुपिश्किसच्या वाचनालयात आम्हा म्हाताऱ्यांना इंग्रजी शिकवतात त्या, वय वर्षं सव्वीस, नाकात रिंग, आणि त्यांचं एकच पालुपद, "फेलिक्सकाका, शब्द चिठ्ठीवर लिहायचा, वर इंग्रजी, खाली आपलं लिथुआनियन, आणि वस्तूला चिकटवायचा. येता-जाता दिसला की डोक्यात बसतो." बसतो म्हणे! अहो, एकाहत्तर वर्षांचं डोकं हे, पस्तीस वर्षं दुधाचा टँकर चालवलाय मी, त्यात तालुक्यातले सगळे खड्डे आधीच बसलेत, नवीन कोण बसणार?

आता तुम्ही म्हणाल, या वयात हे खूळ कशाला? तेच तर सांगतोय, पण तुम्ही मध्येच थांबवता. आमची एकुलती एक लेक, युर्गिता, तेरा वर्षांपूर्वी आयर्लंडला गेली. "दोन वर्षांत येते बाबा" म्हणून गेली. तिथेच नोकरी, तिथेच लग्न, तिथेच मुलगी. ओर्ला, आमची नात, आठ वर्षांची, आणि तिला आपल्या भाषेतलं 'आजी' आणि 'आजोबा' सोडलं तर काही म्हणजे काही येत नाही. युर्गिताला बोललो तर म्हणते, "बाबा, मी कामावरून येते ना, तेव्हा माझ्या तोंडातून कुठलीच भाषा निघत नाही." बरं. मग दर रविवारी फोनवर एकमेकांची तोंडं बघायची. मी हात हलवतो, ती हात हलवते. मी मांजर दाखवतो, ती कुत्रा दाखवते. मग परत हात. गाडी सुटताना लोक हलवतात ना, तसे हलवतोय, सारखे हलवतोय, आणि गाडी काही सुटत नाही!

मागच्या सप्टेंबरात पोरीनं काहीतरी विचारलं. चेहरा अगदी गंभीर, समोर वही उघडलेली. मला वाटलं मांजराबद्दल असेल. मी म्हटलं, "येस, येस!" आणि मांजर उचलून धरलं. तिचा चेहरा असा काही उतरला... नंतर युर्गिता म्हणाली, "बाबा, तिला शाळेतून सांगितलं होतं, आजोबांना विचारून या, तुमच्या मनात काय असतं." वर्गातल्या बाकीच्या पोरांनी पानंच्या पानं भरून आणली. आमच्या ओर्लानं काय लिहिलं माहितीये? 'मांजर.'

लागलं हो मला. तुम्हाला सांगतो, फार लागलं. आठ वर्षांच्या पोरीला वाटतं आजोबाच्या मनात मांजर आहे, दुसरं काही नाही! दुसऱ्याच दिवशी वाचनालयात नाव घातलं.

पण खरं सांगू का? इंग्रजी ही पुढची भानगड. मनातलं बोलायला आम्हाला आपल्या भाषेत तरी कुठे येतं? आमच्या गावात कुणालाही विचारा, काय हो, कसं काय? "ठीक." बर्फानं गोठ्याचं छप्पर खाली आलं, कसं काय? "ठीक." युर्गिताला विमानतळावर सोडून परत येताना, अडीच तास, गाडीत मी आणि माझी बायको रेगिना, दोघांच्या तोंडातून चकार शब्द नाही. घरी आल्यावर तिनं विचारलं, "ठीक ना?" मी म्हटलं, "ठीक." झालं! तेरा वर्षांचं बोलणं तिथेच आटोपलं. आभाळ कोसळो नाहीतर जमीन फाटो, आमचं आपलं... ठीक!

आणि त्या इंग्रजांकडे? अबबब! उग्नेबाईंनी कागद हातात दिला, 'मनाचे शब्द', किती? चाळीस! डाउट, एन्व्ही, वरी, लाँगिंग... काळजीला एक, धास्तीला एक, नुसतीच हुरहूर असेल तर तिला वेगळा, अहो, ही माणसं कामं कधी करतात? आणि माइंड म्हणजे मन, ठीक, माइंड म्हणजे बुद्धी, तेही ठीक, आणि कुणी चहा विचारला की 'आय डोंट माइंड' म्हणजे म्हणे काही हरकत नाही! मी म्हटलं, "बाई, हा माणूस मनच नाही म्हणतोय, आणि तुम्ही त्याला चहा देताय?" त्या म्हणाल्या, "काका, प्रश्न नंतर. आधी चिठ्ठ्या."

लिहिल्या. चाळीस चिठ्ठ्या लिहून घेऊन बसलो. आता चिकटवू कुठे? रेगिना बटाटे किसत होती, तिला विचारलं. मान वर न करता म्हणते, "कपाळावर चिकटवा! निदान बघणाऱ्याला तरी कळेल आत काय चाललंय." बायको आहे, बोलणारच. पण बटाटे म्हटल्यावर मला सुचलं... तळघर! अहो, रेगिनाच्या तळघरात दीडशे बरण्या. उन्हाळाभर ही बाई उकळते, खारवते, भरते, झाकणं लावते, जसा काही सात वर्षांचा दुष्काळ उंबऱ्याशी येऊन ठेपलाय. आणि बटाटे काढायला मी रोज खाली उतरतो. म्हणजे रोज उजळणी!

आणि उगाच दिसेल त्या बरणीवर नाही हं मारल्या चिठ्ठ्या, डोकं चालवलं. धीर कशावर? आंबवलेल्या कोबीवर, कारण तो होईस्तोवर सहा आठवडे नुसतं बघत बसावं लागतं. आनंद जंगली स्ट्रॉबेरीच्या जॅमवर. शंका अळंब्यांवर! मी स्वतः रानातून वेचून आणतो, पन्नास वर्षांचा अनुभव, तरी रेगिना दरवर्षी म्हणते, "आधी तुम्ही खा." मत्सर आलुबुखाराच्या मुरांब्यावर, कारण त्या वर्षी शेजारच्या गेनोवाइतेची झाडं ओणवी झाली होती फळांनी आणि आमच्या झाडाला मोजून एक टोपली. माझा मत्सर, मीच चिकटवलेला, अगदी प्रामाणिकपणे! आणि ते लाँगिंग... आपल्यात इल्गेसीस म्हणतो, माणूस लांब गेलं की जी ओढ लागते ती... ती चिठ्ठी बराच वेळ हातातच राहिली. मग लावली शेपू घातलेल्या काकड्यांवर. युर्गिता लहानपणी बरणीत कोपरापर्यंत हात घालून खायची त्या. कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं असतं तरी काय सांगणार होतो? आमचं आपलं ठीक!

दोन महिन्यांत चाळीसच्या चाळीस शब्द तोंडपाठ. उग्नेबाई खूश, मी खूश. आणि तिथेच माझी अक्कल गहाण पडली. अहो, या देशात हातात बरणी दिल्याशिवाय कुणाला दाराबाहेर सोडत नाहीत, हे मी विसरलो! इथेच जन्मलो, इथेच म्हातारा झालो, आणि विसरलो! रेगिना तळघरात चष्मा नेत नाही. तिला वाटलं, अकरा वर्षं कानीकपाळी ओरडतेय की बरण्यांवर साल लिहा, साल लिहा, शेवटी लिहिलं एकदाचं नवऱ्यानं!

पहिला मान फादरचा. नाताळ झाला की घरोघर येतात आशीर्वाद द्यायला, तसे आले, प्रार्थना झाली, पाणी शिंपडलं, निघताना बरणी काखेत. रविवारी चर्चमध्ये मला खांबाआड ओढलं आणि हळूच म्हणतात, "फेलिक्स, तुझी शंका पोचली." म्हटलं, "कसली शंका, फादर?" "लाजू नकोस, लेकरा. तीन दिवस मी विचार करतोय. एवढंच सांग, शंका तुला देवाबद्दल आहे, माझ्याबद्दल आहे, की अळंब्यांबद्दल? पहिल्या दोन असतील तर निवांत बसून बोलू. तिसरी असेल तर..." आणि पोटावर हात ठेवला हो त्यांनी, "निम्मी बरणी संपलीय!"

त्यांना कसंबसं समजावून घरी आलो, तर तीन जानेवारीला गेनोवाइतेचा नावाचा दिवस, वाढदिवसाइतकाच थाटाचा. माझ्या नकळत रेगिना एक बरणी देऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेनोवाइते दारात. बरणी पोटाशी धरलेली, तोंड लाल, आत यायला तयार नाही. आता उंबऱ्याच्या दोन बाजूंनी बोललं की अपशकुन, म्हणून मीच बाहेर गेलो, उणे बारा, पायात घरातल्या चपला! "फेलिक्स, पाहुण्यांनी घर भरलं होतं, टेबलावर तुमची बरणी ठेवली, आणि माझ्या जावेनं सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचलं. मत्सर! मी मत्सर करते तुमचा?" मी आपला सांगायला गेलो, की अगं बाई, तो माझा मत्सर, तुझ्या झाडांचा... तेवढ्यात तीच म्हणाली, "करते! करते मत्सर! दर रविवारी तुमच्या घरातून हसण्याचा आवाज येतो. लेक फोन करते तुमची. माझा मुलगा नॉर्वेत, नाताळला फक्त 'आई, कामात आहे' एवढं लिहून पाठवलं त्यानं." आणि रडायलाच लागली. बावीस वर्षं शेजारी राहतेय, पहिल्यांदा खरं बोलली माझ्याशी. आणि मी? चाळीस शब्द पाठ असलेला हा पंडित काय म्हणाला? "गेनोवाइते... तुझ्या झाडांना यंदा फळं चांगली आली." ती डोळे पुसत म्हणाली, "मुरांबा केलाय. चार बरण्या जास्तीच्या आहेत, घेऊन जा." मग आत आली, कॉफी घेतली, खसखशीचा केक खाल्ला. जाताना रेगिनानं विचारलं, बरं वाटतंय ना आता? काय म्हणाली असेल? बरोब्बर. आमचं आपलं... ठीक!

ती वळली मात्र, मी धावत तळघरात. पुढची फळी रिकामी! ओरडलो, "रेगिना! काकड्या कुठायत?" वरून आवाज, "परवाच्या व्हॅननं गेल्या!" ही व्हॅन दर पंधरा दिवसांनी आमच्या गावातून निघते, दोनदा बोटीवर चढते आणि आयर्लंडला लेकीच्या दारात खोकं नेऊन ठेवते. काळा पाव, धुरावलेलं डुकराचं मांस, आणि लोकरी मोज्यांत गुंडाळलेल्या बरण्या. "किती बरण्या पाठवल्यास?" "सहा! पुढच्या फळीवरच्या!" अहो, पुढची फळी मला तोंडपाठ होती. काळजी, भीती, एकटेपणा, विसराळूपणा, पश्चात्ताप... आणि काकड्या.

गुरुवारी फोन वाजला. रविवार नाही, गुरुवार! युर्गिता रडतेय. "बाबा, बरण्यांवर विसराळूपणा, भीती, हे काय लिहिलंय? खरं सांगा, डॉक्टर काय म्हणाले?" "कोण डॉक्टर?" "आई, बाबांना एकटं सोडू नकोस!" आणि ही मागून म्हणते, "दिवसातून चारदा तळघरात जाऊन पुटपुटत बसतात. मला शंका आलीच होती!" शंका आली म्हणे, फादरला देऊन टाकलीस ना ती! मग मी सगळं सांगितलं, उग्नेबाई, चिठ्ठ्या, उजळणी, ओर्लाची वही. युर्गिता रडता रडता हसायला लागली. मग एकदम म्हणाली, "म्हणजे... काकड्यांवरची चिठ्ठी पण अशीच? अभ्यासाची?"

आता आली का पंचाईत! तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणी सरळ विचारलं. शब्द दोन्ही भाषांत येत होता, आणि तोंडातून काय निघालं? मी म्हटलं, "मीठ बरोबर पडलंय ना काकड्यांत?" ती म्हणाली, "बाबा!" मी म्हटलं... "नाही. ती अभ्यासाची नाही." बस, एवढंच. फोन रेगिनाच्या हातात दिला आणि खाली जाऊन बटाटे निवडत बसलो. निवडलेलेच बटाटे, परत निवडले.

मार्चमध्ये व्हॅनवाला खोकं घेऊन दारात. आमचंच खोकं! रेगिना तेरा वर्षं त्या पोरीच्या मागे लागलीये, बरण्या परत पाठव, बरण्या परत पाठव, एक आली असेल तर नाव बदलेन. आणि आज सहा! धुतलेल्या, पुसलेल्या, चिठ्ठ्या जागच्या जागी. आणि प्रत्येक चिठ्ठीवर माझ्या अक्षराखाली आणखी एक ओळ, वाकडी, शिसपेन्सिलीची, आणि आपल्या भाषेत! ओर्लानं लिहिलेली! आईला एकेक शब्द विचारून विचारून लिहिलं पोरीनं. काळजीखाली, 'करू नका.' भीतीखाली, 'मला पोहायची वाटते, तुम्हाला?' एकटेपणाखाली, 'मांजराला जवळ घ्या.' पश्चात्तापाखाली, 'हे काय असतं, आई सांगत नाही.' विसराळूपणाखाली काहीच नाही, विसरली असेल! आणि काकड्यांच्या बरणीवर, लाँगिंग, त्याखाली इल्गेसीस, आणि त्याखाली तिनं लिहिलेलं, 'मला पण.'

रडलो हो. लपवायचं काय त्यात, रडलो. रेगिना चष्मा लावून रडली. तेरा वर्षांपूर्वी गाडीत रडायचं राहून गेलं होतं, ते दोघांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उरकून घेतलं. आणि मग डोळे पुसून ही बाई काय म्हणाली असेल? "द्या त्या बरण्या इकडे. गरम पाण्यात टाकते, चिठ्ठ्या निघतील." मी म्हटलं, खबरदार! आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला तिच्यावर. सहाच्या सहा बरण्या तेव्हापासून टीव्हीच्या वरच्या फळीवर आहेत, रिकाम्या, आणि मी कुणाला हात लावू देत नाही.

आता झालाय जुलै. आमच्या काचघरात काकड्या अशा सुटल्यात की विचारू नका, आणि ही सकाळ-संध्याकाळ मला ऐकवते, "भरू कशात? तुमच्या डोक्यात?" म्हणून सांगतो, बाहेर पायरीवर पिशव्या भरून ठेवल्यात, जाताना एकेक उचला... अहो, असे काय बघताय एकमेकांकडे? घ्या निर्धास्त! मनातलं काही नाहीये त्यात, नुसत्या काकड्या आहेत!