शंभर टक्के समाधानी

...आन् वरनं माझा सत्कार केला वो! शाल, नारळ, टाळ्या... आन् त्या टाळ्या वाजत असताना मागच्या दारातनं नूरीन आपला खोका उचलून निघून गेली. तुमाला सांगतो, अंगावर शाल आन् नजर मागच्या दाराकडं, असा माणूस तुमी कवा बघितलाय का? लय वाईट वाटतंय. पण मी म्हणतो, ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा!

पहिल्यापासनं सांगतो. मी जयराज, कराडात पीएचडी करतोय. कवापासनं ते इचारू नका, आता घरातबी कोण इचारत न्हाई. आमच्या संशोधन केंद्रात ही नूरीन, मिरजेची पोरगी. क्षारपड रानातली माती आणायची, मिठात तग धरणारं जंतू त्यातनं हुडकायचं आन् फ्रीजमधी जपायचं, हे तिचं काम. म्हंजी आमच्याच रानाचं काम की वो! इस्लामपूरकडं आमचा एक पट्टा पांढराफेक पडलाय, कुसळ उगवत न्हाई. आन् त्या जंतूंचा वैरी कोण? लाईट! लाईट गेली की फ्रीज गरम, जंतू खलास. एकदा झालं, परत झालं... पोरगी फ्रीजपुढं बसून रडायची आन् आमी चहा आणून द्यायचो. दुसरं काय येतंय आमाला?

तर केंद्रप्रमुख मॅडम म्हणल्या, "जयराज, जनरेटर मिळेल. पण वरचे विचारतात, विद्यार्थ्यांची तक्रार कुठाय? आता संशोधक विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचा सर्व्हे आलाय बघ. निम्म्यांनी तरी भरायला हवा. तू जरा मुलांना प्रोत्साहन दे ना."

प्रोत्साहन! पोरं भरत्यात व्हय? शिवतेज म्हणतोय, "नगं रं गड्या, नाव न लिहिता भरला तरी माझ्या गाईडला कळतंय. त्येंच्याकडं मी एकटाच हाय!" सोनिया म्हणती, "गेल्या साली मी पानभर लिहिलं हुतं. उत्तर काय आलं? आपले आभारी आहोत!"

मग मी गाठलं आकारामकाकाला. आमच्या भागात कारखान्याचं इलेक्शन असू द्या न्हाईतर सोसायटीचं, काकाबिगार पान हलत न्हाई. काका म्हणला, "आरं, सर्व्हे काय आन् इलेक्शन काय, माणूस बटणापातूर न्यायचा! जेवान घाल, गाडी पाठव, हात जोड आन् म्हण, एवढं माझ्यासाठी करा. कशापायी ते सांगत बसू नगंस, इषय लांबतोय." आता वडीलधाऱ्या माणसाचं ऐकलं, ह्यात माझं काय चुकलं?

लागलो की प्रचाराला! मित्राच्या मळ्यात मटणाचा बेत केला. नूरीनसाठी हलाल येगळं आणलं, येगळ्या पातेल्यात शिजवलं. साताऱ्याचा एकजण महिन्यातनं कवातरी तोंड दाखवणार, त्येला गाडी धाडली. एकाची बायको मिरजेत बाळंत झाली हुती, तर दवाखान्यात जाऊन बाळ बघायच्या आधी बापाच्या फुडं फोन धरला, "भरा वो, एवढं माझ्यासाठी!" आन् इकडं मळ्यात पोरं ढेकर देत देत बटणं दाबायला लागली. सोनिया इचारती, "दादा, आपलं चिन्ह कुठलं?" मी हसलो वो... मला वाटलं, चेष्टा करती!

शंभर टक्के पोरांनी भरला! गुलाल तेवढा उधळायचा ऱ्हायला.

मग निकाल आला. मॅडम वाचायला लागल्या, "ग्रंथालय, पाच चांदण्या. मार्गदर्शन, पाच चांदण्या. स्वच्छतागृह..." आवं, त्येला दार न्हाई, एकानं बाहीर उभं ऱ्हायाचं आन् एकानं आत जायाचं, त्येलाबी पाच! "वीजपुरवठा..." मॅडम थांबल्या. "पाचपैकी पाच, जयराज!" आन् तवा लाईट न्हवती, मॅडम मोबाईलच्या उजेडात वाचत हुत्या!

शिवतेजला धरला. तर तो म्हणतोय, "तुझं पॅनेल न्हवं व्हय ते? एकगठ्ठा दिली की मतं! तुला खाली पाडतोय व्हय आमी?" प्रेमानं वो! रागानं बुडवलं असतं तर भांडलो तरी असतो... प्रेमानं बुडवणाऱ्यांचं काय करता?

वरनं पत्र आलं. विद्यार्थी पूर्ण समाधानी असल्याने जनरेटरचा प्रस्ताव रद्द! आन् जनरेटर गेला कुठं? दुसऱ्या केंद्राला! तिथं जेवान न्हाई, गाडी न्हाई, निम्म्या पोरांनीच भरला, पण शिव्या घातल्या पोटभर. आमी पोटभर जेवलो. ह्यात माझं काय चुकलं... न्हाई, चुकलं. चुकलंच.

मे महिन्यात लाईट गेली ती दुसऱ्या दिवशीच आली. नूरीननं फ्रीज उघडून बघितलाबी न्हाई. गेल्या आठवड्यात मात्र सगळ्यात जास्त अभिप्राय गोळा केला म्हणून माझा सत्कार ठेवला, आन् तिनं नेमका त्योच दिवस धरला सामान न्यायला.

मी तसाच शालीसकट स्टँडवर पळालो. बाकावर बसली हुती, मांडीवर खोका. म्हणलं, "नूरीन, माफ कर गं. तू तरी खरं लिहिलं असशील, पण एकटीचं कोण ऐकतंय?"

ती खाली बघत म्हणली, "न्हाई दादा. मीबी पाचच दिल्या."

"आगं पण तुझ्यासाठीच तर..."

"तुमी माझं पातेलं येगळं ठेवलंत, दादा. ते जेवून तुमच्या सर्व्हेत वाईट कसं लिहू? मला वाटलं, बाकीचे लिहितीलच की."

मिरजेत एका दवाखान्याच्या लॅबमधी नोकरी धरलीया तिनं, रक्त तपासायची. म्हणली, "तिथं जनरेटर हाय." तिनं साधं सांगितलं वो, टोमणा न्हवता... म्हणून तर जास्त लागलं.

यष्टी आली. मी खोका वर दिला. खिडकीत बसली आन् इचारती कशी, "दादा, तुमी काय दिलं हुतं?"

मी? आवं, माझा तर सगळ्यांच्या आधी भरलेला, सगळीकडं पाच... कुठं दाबायचं ते पोरास्नी दाखवायला, नमुना म्हणून!