कॅजिटन मास्तरांचे आठवडे

आदरणीय अध्यक्ष फादर जेरोम, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती कॅजिटन मास्तर आणि उत्तनच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी तारखात्यात काम करते. तिथे शब्द मोजून पाठवतात. आजही मोजकंच बोलेन.

लढाई सुरू झाली तशी आपली माणसं आगबोटींवर खलाशी म्हणून गेली. त्यांची खबर कंपनीच्या इंग्रजी पत्रांतून येऊ लागली. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर मास्तर ती वाचून दाखवत. बायकांना हवं असे ते एकच: माणूस कधी येणार? म्हणून मास्तरांनी त्यांना इंग्रजीतले आठवडे शिकवले. कशावर? बोंबील वाळवायच्या दोरीवर! सात बोंबील, मोकळी जागा, पुन्हा सात. मधले 'धिस वीक', मागचे 'लास्ट वीक', पुढचे 'नेक्स्ट वीक', त्याही पुढचे 'द वीक आफ्टर नेक्स्ट'. एक सोडून एक, म्हणजे 'एव्हरी अदर वीक'. मग इंग्रजी अक्षरं गिरवून घेऊन वाचायलाही शिकवलं. एकदा सेलेस्टिनमावशी ओरडल्या, "मास्तर, तुमचा नेक्स्ट वीक मांजरानं पळवला!" फादर, आपणही हसला होतात.

आता निमंत्रणपत्रिकेबद्दल. मास्तर प्रकृतीमुळे पत्रवाचन सोडत आहेत, असं तीत छापलंय. गावात म्हणतात, त्यांनी टेरेझाबायचं पत्र लपवलं. दोन्ही चूक. क्षमा करा, पण नेमकं सांगायला हवं.

टेरेझाबायचा नवरा सेबॅस्टियन. त्याच्या बोटीबद्दल तीन पत्रं आली. तिन्ही वेळा मास्तरांनी वाचलं, "बोट द वीक आफ्टर नेक्स्ट येईल." मी शेजारीच बसत असे. पहिल्याच वेळी मला कागदावरची खरी ओळ दिसली. मी गप्प राहिले.

तिसऱ्या वेळी टेरेझाबायने हात पुढे केला. "मास्तर, जरा बघू." ओळीवरून बोट फिरवलं. "इथं नेक्स्ट न्हाय. 'फॉर द पास्ट सिक्स वीक्स' हाय. मागले सा आठवडे काय?"

"बोटीची खबर नाही," मास्तर म्हणाले.

"मंग मी दर येलेला घर सारवून कोनाची वाट बघत व्हते?" मग माझ्याकडे वळून, "तुला ठाव व्हतं?"

मी "हो" म्हटलं.

ज्यांनी तिला वाचायला शिकवलं, त्यांनीच तिला खोटं का वाचून दाखवावं? मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "ती समोर बसली होती, ऑड्रे. तू वाचलं असतंस?"

गावातल्या अकरा घरांची माणसं अजून बोटींवर आहेत. त्यांच्या पत्रांवर विश्वास कुणी ठेवायचा? येत्या रविवारपासून ती टेरेझाबाय वाचणार आहे. नाव मास्तरांनीच सुचवलं. तिची अट आहे: "लिवलंय तेवढंच वाचीन. ज्याला सोसनार न्हाय त्यानं घरी रवावं." अवघड शब्दापुरती मी शेजारी असेन. सेबॅस्टियनची अजून खबर नाही.

मास्तर, गावाला वाचायला शिकवलंत, त्याबद्दल आपले आभार. सभेने शांतपणे ऐकून घेतलं, सभेचीही ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्यावं. गप्प राहिले त्याची माफी मात्र सभेकडे मागत नाही. टेरेझाबाय, ती तुझ्याकडे मागते.