आधी चिठ्ठी वाचा!

...आणि वर मलाच म्हणतं, "परवानगी नाही!" अहो, बायको माझी, आवाज तिचा, घर माझं, आणि परवानगी कुणाची? त्या काळ्या पडद्याच्या यंत्राची! तुम्हाला सांगतो, आमची ही गेली, आणि मागे तिच्या आवाजाची एवढी एकच फाइल उरली. सूनबाईने रेकॉर्ड केलेली. डब्यांना चिठ्ठ्या डकवता डकवता ही मला झापतेय, बस्स! म्हटलं, जिथली ओरड तिथेच वाजावी, स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर. म्हणून फाइल माझ्या कप्प्यातून उचलली, गाण्यांच्या कप्प्यात सरकवली... स्पीकर मुका! म्हटलं, पुसली गेली की काय?

हिला चिठ्ठ्यांचं भारी वेड. साखर डोळ्यांना दिसतेय, तरी वर चिठ्ठी 'साखर'! मग मला राहवतंय होय? मिठाची साखरेला, साखरेची मिठाला! एकदा व्याही चहाला बसलेले, घोट घेतला, चेहरा असा... असा झाला, आणि म्हणतात काय, "वा, चहा जरा वेगळाच आहे!" सभ्य माणूस! आतून हिचा पट्टा सुरू, "आधी चिठ्ठी वाचा, मग हात लावा!" मी म्हटलं, "अगं, तू चिठ्ठी वाचूनच मीठ टाकलंस ना!"

तर काय सांगत होतो... हां, फाइल! चिरंजीव आले, डोकं खाजवलं, बायकोला म्हणतात, "फाइल सगळ्यांना वाचायला मोकळी आहे की! यंत्राची ती सुरक्षाच बंद करून टाक ना." सूनबाई म्हणाली, "कुलूप उघडेना म्हणून भिंत पाडायची?" पोराने अक्कल माझीच घेतलीय, दुसरं काय!

मग तिने पडद्यावर हाणलं, 'एलएस', आडवी रेघ, मोठा 'झेड'. "हे बघा बाबा, फाइल नव्या खोलीत आली, पण अंगावर चिठ्ठी जुन्या खोलीचीच. स्पीकरवाला प्रोग्राम फक्त गाण्यांची चिठ्ठी ओळखतो. आत काय आहे, ते तो बघतच नाही."

म्हणजे आमची हीच की हो! आधी चिठ्ठी वाचा, मग हात लावा!

'रिस्टोरकॉन' म्हणून एक शब्द आणि पुढे फाइलीचं नाव, झाली चिठ्ठी नव्या खोलीची! आणि स्वयंपाकघरातून ही कडाडली, "अहो, तो डबा आधी खाली ठेवा!" तुम्हाला सांगतो, हातात खरंच डबा होता... ठेवला मी. मुकाट्याने ठेवला.

मग सूनबाई हळूच म्हणते, "बाबा, या फाइलीवर आणखी एक चिठ्ठी आहे. आईंनी सांगितली, मी डकवली होती. तुम्ही फाइल सरकवलीत म्हणून टिकली. साधी नक्कल केली असतीत तर गळून पडली असती."

बघा! जन्मात पहिल्यांदा माझा घोळ कामी आला! मी चष्मा पुसला, छातीवर हात ठेवला. जाता जाता काहीतरी गोड बोलून गेली असणार, नाही का? म्हटलं, "वाच, मोठ्याने वाच!"

तिने 'गेटएफअ‍ॅटर' का काहीसं टाइप केलं, घसा खाकरला आणि वाचलं, "यांना हात लावू देऊ नये."

तेव्हापासून रोज सकाळी फाइल सूनबाई लावते आणि मी हात मागे बांधून ऐकतो.