शवपेटीवरचं जोडपं

अमेरिकेत ॲन आर्बरला म्युझियमसमोरच्या बस स्टॉपवर माझ्या पुढे एक म्हातारं मराठी जोडपं उभं होतं, आतली शवपेटीची प्रतिकृती बघून आलेलं. मी कान देऊन ऐकलं. लाज वाटली नाही.

“सुनेत्रा, ते दोघं कोचावर आडवे पडून काय टीव्ही बघत होते?”

“अहो, जेवत होते. एट्रुस्कन नवराबायको. पाटी वाचली नाहीत?”

“म्हणजे रोमन?”

“रोमनांच्या आधीचे. ती त्यांची शवपेटी. झाकणावर तेच दोघं, मातीचे, मेजवानी जेवताना. तेव्हा आडवं पडूनच जेवायचे.”

“मेल्यावर मेजवानी? आणि बाईपण त्याच कोचावर?”

“त्याला टेकून. ग्रीक लोक नावं ठेवायचे म्हणे, हे बायकांना शेजारी घेऊन जेवतात म्हणून.”

“मग वाढत कोण होतं?”

“ते पाटीवर नव्हतं.”

“मला काहीच कळलं नाही.”

“मलाही कळलं नाही, तिथे उभं राहून रडू का आलं ते. अहो, आजपासून मी तुमच्याबरोबर बसणार जेवायला.”

“बस की! नको कोण म्हणालं? पण मग तव्यावरची पोळी?”

“सगळ्या आधीच करून ठेवीन.”

“गार होतील ना!”

“मी गारच खात आलेय.”

“गार? मग कधी बोलली का नाहीस?”

“बोलणार कधी? मी ताट घेऊन बसायचे, तोवर तुम्ही हात धुऊन कोचावर आडवे, टीव्हीसमोर.”