बरब्बा म्हणायचं होतं, बस्स!

एकच शब्द होता हो, एकच! आता मला सांगा, एका शब्दात माणूस चुकून चुकून किती चुकेल?... थांबा, सांगतो.

आमच्या सासूबाई चर्चच्या गायनमंडळाच्या मास्तरीण. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण फोडेल म्हणून या जावयाच्या हातात त्यांनी कधी काचेचा ग्लाससुद्धा दिलेला नाही. मी पडलो नळ-पाइप दुरुस्त करणारा, सुरांशी आपलं वाकडं! पण यंदा प्रभूच्या दुःखसहनाचं गाणं बसवताना जमावात ओरडायला माणसं कमी पडली. म्हणाल्या, "जावईबापू, न्यायनिवाडा करणारा तो रोमन सुभेदार पिलात लोकांना विचारील, 'येशूला सोडू की त्या दरोडेखोर बरब्बाला?' की तुम्ही सगळ्यांबरोबर ओरडायचं, 'बरब्बाला!' जमेल?" न जमायला काय झालं? एकच शब्द हो, एकच! अकरा वर्षांत पहिल्यांदा विश्वास टाकला होता बाईंनी!

तुम्हाला सांगतो, मी झपाटलोच! आंघोळीत बरब्बा, जिन्यात बरब्बा, एका गिऱ्हाइकाच्या बेसिनखाली डोकं घालून असा काही बरब्बा ठोकला की त्या बाई बादली टाकून शेजारी पळाल्या! बायको म्हणते, "अहो, जेवताना तरी सोडा त्या दरोडेखोराला!"

आणि कार्यक्रमाच्या दिवशी... चर्च गच्च. समोर येशू, म्हणजे आमचा पोस्टमन, हात बांधून उभा. रोज टपाल फेकून पळणारा माणूस, पण काय गायला हो! इतका हळू, इतका गोड, कुणावर म्हणून राग नाही... म्हटलं, यानं कुणाचं काय घोडं मारलंय? तेवढ्यात पिलात गरजला, "कोणाला सोडू?" चाळीस जण ओरडले, "बरब्बाला!" आणि त्या चाळिसांच्या वरताण एक आवाज... "येशूला सोडा हो! त्याला सोडा!"

माझाच! पिलात पुढचं विसरला, ऑर्गनवाल्या काकूंचे हात हवेत, पहिल्या बाकावरच्या आजी टाळ्या वाजवायला लागल्या! आणि उपयोग काय? चाळीस विरुद्ध एक... दिलंच त्याला क्रुसावर खिळायला!

मग सासूबाई आल्या. मी लपायला जागा शोधतोय, बघतो तर डोळे पुसताहेत! म्हणाल्या, "तीस वर्षं हे गाणं बसवतेय. बरोबर बोललेले तुम्ही पहिलेच." मी असा फुगलो! "मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बाकं मांडा. तोंड न उघडता."

आणि स्वतःच्या हातानं मला पाण्याचा ग्लास दिला... स्टीलचा हो, स्टीलचा!